संधिज्वरजन्य हृदयरोग, बालकांमधील

घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणाऱ्या संधिज्वरामुळे हृदयाच्या झडपांना होणारी कायमची इजा म्हणजे संधिज्वरजन्य हृदयरोग. डॉक्टर त्याला ‘ऱ्हुमॅटिक हार्ट’ म्हणतात. घरात ‘पोराची झडप खराब आहे’ एवढेच बोलले जाते. जगात या रोगाने दरवर्षी सुमारे ३ लाख माणसे दगावतात आणि त्यांतील बहुतेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील असतात. युरोप-अमेरिकेत पेनिसिलिन येण्याआधीच, घरांतील दाटी कमी होऊ लागली तेव्हापासून, हा रोग ओसरू लागला होता, हे येथे मुद्दाम लक्षात घ्यावे.

स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस या जंतूने घसा धरल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी, बहुधा ५ ते १५ वर्षांच्या मुलांत, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ऊतकांवर उलटते. आज गुडघा, उद्या घोटा असे सांधे सुजतात आणि बरेही होतात. हृदयाची झडप मात्र संधिज्वराच्या दर झटक्यागणिक जाड होत जाते, तिच्या कडा चिकटतात. डाव्या बाजूच्या द्विदल झडपेला सर्वाधिक इजा होते. भारतात विशीच्या आतच ही झडप अरुंद झालेली मुले आढळतात, हे १९६३ मध्येच येथील डॉक्टरांनी नोंदवले होते. काही मुलांत हातापायांच्या अनैच्छिक हालचाली सुरू होतात: हातातला पेला निसटतो, अक्षर बिघडते आणि आजार ओळखला जाईपर्यंत मूल उगाच बोलणी खाते. निदानासाठी १९४४ मधील जोन्स निकष, २०१५ च्या सुधारणेसह, आजही वापरले जातात.

पुन्हा झटका येऊ नये म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन द्यावे लागते. मोठ्या मुलांना १२ लाख युनिट, लहानांना त्याच्या निम्मे. हृदयाला इजा झाली असेल तर ते किमान दहा वर्षे आणि अनेकदा वयाच्या चाळिशीपर्यंत चालते. सारा उपचार या एका सुईवर तोललेला आहे. औषधाची पूड पाण्यात कालवली की दुधासारखा दाट द्राव होतो. कुपी नीट हलवली नाही किंवा सुई बारीक असली तर तो सुईतच अडकतो. टोचल्यावर मांडी किंवा कुल्ला बराच वेळ ठणकतो, आणि त्या दुखण्याच्या धास्तीने मूल पुढच्या तारखेला यायला तयार होत नाही. तीव्र प्रतिक्रियेच्या भीतीने काही डॉक्टर टोचायचे टाळतात. अशी प्रतिक्रिया क्वचित येते. तरीही तातडीच्या उपचारासाठी ॲड्रिनॅलिन हे औषध हाताशी ठेवणे आवश्यक आहे, आणि झडप अतिशय खराब झालेल्या रुग्णांसाठी तोंडावाटे पेनिसिलिनचा विचार होतो.

स्टेथोस्कोपने न कळणारी सुरुवातीची इजा इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, दिसते. उत्तर युगांडात ५ ते १७ वर्षांच्या अशा ८१८ मुलांवर झालेल्या चाचणीत दोन वर्षांनी इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी ०.८ टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी ८.२ टक्के मुलांचा रोग वाढलेला आढळला. लवकर शोधण्याचा खटाटोप सार्थ आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य सभेने या रोगावर ठराव केला. भारताच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील शालेय तपासणीतही त्याचा समावेश आहे.

अरुंद झडप फुग्याने रुंद करता येते. फार बिघडलेली बदलावी लागते. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत विकसित झालेली कृत्रिम झडप १९९० मध्ये प्रथम बसवली गेली. धातूची झडप बसवलेल्या मुलीला मात्र रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि त्यासाठीची रक्ततपासणी जन्मभर सुटत नाही, पुढे गरोदरपणी ती गोळी गर्भाला बाधू शकते, आणि शस्त्रक्रियेनंतरही पेनिसिलिन चालूच ठेवावे लागते.