पार्श्वभूमी : घरातला रेडॉन, खालची जमीन आणि नकाशावरची रेषा

रेडॉन हा युरेनियमपासून तयार होणारा किरणोत्सर्गी वायू. घरातल्या रेडॉनबद्दल पहिला संशय बांधकामाच्या मालावर गेला. स्वीडनमध्ये आलम शेल या युरेनियमयुक्त खडकापासून केलेले हलके काँक्रीट असंख्य घरांच्या भिंतींत होते. त्याचे उत्पादन १९७५ साली थांबले. जमिनीकडे सर्वांचे लक्ष खेचले ते डिसेंबर १९८४ मधल्या घटनेने. पेनसिल्व्हेनियातल्या नव्या अणुवीज केंद्रातला एक कर्मचारी कामावर येतानाच किरणोत्सर्गाचा गजर वाजू लागला. म्हणजे उगम केंद्राबाहेर होता. त्याच्या घरात हवेच्या लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी (किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) रेडॉन निघाला. अमेरिकेत उपाय करण्याची मर्यादा पुढे ठरली ती ४. घर रीडिंग प्राँग या प्राचीन ग्रॅनाइटी खडकांच्या पट्ट्यावर होते.

त्यानंतर ‘ग्रॅनाइट म्हणजे धोका’ हे समीकरण रूढ झाले. ते अर्धेच खरे आहे. रेडॉनचे अर्धायुष्य, म्हणजे त्यातला निम्मा नाहीसा व्हायला लागणारा काळ, ३.८ दिवस. ओल्या, घट्ट चिकणमातीत तो वर पोहोचण्याआधीच बराचसा संपतो. भरड वाळूतून, भेगाळ चुनखडीतून सहज चढतो. फिनलंडमध्ये हिमयुगाने मागे ठेवलेल्या वाळू-गोट्यांच्या लांबट टेकड्यांवरच्या घरांत म्हणूनच चढे आकडे मिळतात. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या ग्रॅनाइटइतकीच नॉर्दम्प्टनशरमधल्या लोहयुक्त वालुकाश्मानेही दखल घ्यायला लावली.

खरा घोळ ‘बाधित क्षेत्र’ या शब्दाने घातला. ब्रिटनने १९९० मध्ये व्याख्या केली : जिथे किमान १ टक्का घरांत घनमीटरमागे २०० बेक्वेरेलपेक्षा (किरणोत्सर्गाचे दुसरे एकक) जास्त रेडॉन असण्याची शक्यता, ते बाधित. म्हणजे बाधित क्षेत्रातही ९९ टक्क्यांपर्यंत घरे मर्यादेच्या आत असू शकतात आणि रेषेबाहेरचे एखादे घर तिच्या कितीतरी वर. ही व्याख्या मोजणी कुठून सुरू करायची हे ठरवण्यापुरती ठीक होती. लोकांनी मात्र ती आपल्या घराचा निकाल म्हणून वाचली. अमेरिकेने १९९३ च्या नकाशात काउंटीनिहाय (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) तीन रंगांचे विभाग पाडले, ते माझ्या मते त्याहून चुकीचे. काउंटीची हद्द प्रशासनाने आखलेली असते, तिच्या आत खडक दहादा बदलतो. नकाशाबरोबर ‘विभाग कोणताही असो, घर तपासा’ असे सांगितले होते, पण लक्षात राहिले ते रंग. एकाच गल्लीतल्या दोन घरांत, पाया आणि फरशीच्या भेगांनुसार, कित्येक पटींचा फरक पडतो. तो कोणत्याच रंगात दिसत नाही.

इंग्लंड-वेल्समध्ये २००७ पासून घरांतली मोजमापे आणि तपशीलवार भूगर्भीय नकाशे एकत्र जोडले गेले. २००९ मध्ये जागतिक पातळीवर १०० बेक्वेरेलची शिफारस झाली. ते शक्य नसेल तर ३०० च्या वर जाऊ नये असे ठरले. युरोपीय संघाने २०१३ च्या निर्देशात देशांना आपापली मर्यादा कमाल ३०० पर्यंत ठरवण्याची मोकळीक दिली. त्यामुळे तोच खडक, तीच माती आणि तोच आकडा असलेले घर एका देशात उपाययोजनेच्या यादीत येते, दुसऱ्या देशात येत नाही.