‘सहिष्णुता’ नेमकी कशाला म्हणायची?

अवयव-रोपणात ‘सहिष्णुता’ म्हणजे शरीराने दुसऱ्याचा अवयव औषधांविना टिकवून धरणे, असे ढोबळमानाने म्हणतात; तिची गोष्ट गोठ्यातून सुरू होते. जुळ्या वासरांत एक खोंड आणि एक कालवड असली, तर ती कालवड बहुधा वांझ निघते, हे कोल्हापूर जिल्ह्यात गोठा सांभाळणाऱ्यांना सांगावे लागत नाही. अशा जुळ्यांच्या रक्तात एकमेकांच्या पेशी विनातक्रार कायम नांदतात, हे १९४५ मध्ये दाखवले गेले. १९५३ मध्ये उंदरांच्या गर्भात परक्या पेशी सोडून, त्या पेशी देणाऱ्या वाणाच्या उंदरांची त्वचा पुढे मोठेपणी त्यांच्या अंगावर टिकवता आली. माणसांत मात्र सायक्लोस्पोरीन आणि त्यानंतर आलेल्या टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांनी रोपण इतके सुकर केले, की औषधांविना अवयव टिकवण्याचा प्रश्न बरीच वर्षे मागे पडला.

खरा गुंता शब्दाचा आहे. राजारामपुरीतील औषधाच्या दुकानात महिन्याची टॅक्रोलिमस घेणाऱ्या, सकाळ-रात्री आठच्या गजरावर ती न चुकता गिळणाऱ्या रुग्णाला ‘शरीराने किडनी स्वीकारली’ असे सांगितले जाते. प्रत्यक्षात त्याची प्रतिकारशक्ती औषधाने दाबून ठेवलेली असते. त्यातच ‘टॉलरन्स आला’ म्हणजे औषध लागू पडेनासे झाले, असा दुसराच अर्थ व्यवहारात रूढ आहे. संशोधकांची व्याख्याही कामचलाऊच आहे: सर्व दाबक औषधे बंद करूनही साधारण वर्षभर अवयव नीट चालला, तर ती ‘व्यावहारिक सहिष्णुता’. तिच्यामागे पेशींच्या पातळीवर काय घडले, हे ही व्याख्या विचारत नाही. एकाच गोळीवर भागणाऱ्या रुग्णासाठी ‘जवळपास सहिष्णुता’ असा शब्दही निघाला, आणि माझ्या मते त्यानेच अपेक्षा सर्वांत जास्त फुगवल्या.

२००८ मध्ये बोस्टनहून आलेल्या अहवालाने हा गुंता आणखी वाढवला. दात्याचे मूत्रपिंड आणि अस्थिमज्जा एकाच वेळी दिलेल्या पाच रुग्णांपैकी चौघांची औषधे पूर्ण सुटली, एकाचे मूत्रपिंड गेले. पेशींचा संकर, म्हणजे रुग्णाच्या रक्तात दात्याच्याही पेशी नांदणे, मात्र काही आठवड्यांतच नाहीसा झाला होता, तरी चौघांचे अवयव टिकले. म्हणजे वासरांत पाहिलेली गोष्ट इथे जशीच्या तशी घडलेली नव्हती. संकर कायम ठेवू पाहणाऱ्या पद्धतींत दात्याच्याच पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटण्याचा धोका असतो, आणि तो जीवघेणा ठरू शकतो.

आता भर प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशींवर आहे. १९९५ मध्ये त्यांची ओळख पटली आणि २०२५ चे वैद्यकाचे नोबेल त्यांच्याशी निगडित संशोधनाला मिळाले. या पेशी रुग्णाच्याच रक्तातून वेगळ्या करून, वाढवून परत सोडण्याच्या चाचण्या चालू आहेत. त्यातही औषध पूर्ण सुटले की फक्त कमी झाले, हे प्रत्येक निष्कर्षात पाहावे लागते.