जुना ट्रॅक्टर कोणत्या सालचा? पार्ट मागवण्याआधी हे पाहा

पार्ट मागवताना बहुतेक ग्राहक मॉडेल सांगतात आणि साल कागद बघून सांगतात. पण कागदावरचे साल नोंदणीचे असते. ट्रॅक्टर त्याआधीच कारखान्यातून निघून विक्रेत्याकडे उभा असू शकतो, आणि तेवढ्या फरकाने पार्ट बसत नाही. फोर्ड ८एन १९४७ ते १९५२ या काळात बनला. १९५० मध्ये, सिरियल नंबर २६३८४४ पासून, त्याचा डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) इंजिनाच्या पुढून बाजूला आला. नुसते ‘८एन’ म्हटले तर कोणता पाठवायचा? मॅसी फर्ग्युसन ३५ मध्येही आधीच्या डिझेलला चार सिलिंडर, तर १९५९ च्या अखेरीपासून पर्किन्स या इंजिन कंपनीचे तीन सिलिंडर.

म्हणून आधी सिरियल नंबर शोधा. फर्ग्युसन टीई-२० ला तो डॅशबोर्डच्या पाटीवर असतो. ८एन ला इंजिन ब्लॉकच्या डाव्या बाजूला ठोकलेला असतो, म्हणजे कोणी इंजिन बदलले असेल तर नंबरही त्या दुसऱ्या इंजिनाचाच वाचला जातो. पाटीचे रिव्हेट नवे दिसत असतील तर तिच्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका.

१९६५ पासूनच्या फोर्डवर काम सोपे आहे. स्टार्टरच्या वर, थोडे मागे, हाऊसिंगवर सिरियल नंबरासोबत तारखेचा कोड असतो. समजा तो ‘५सी१२बी’ आहे. ५ हा वर्षाचा शेवटचा अंक, सी म्हणजे मार्च, १२ तारीख आणि बी ही शिफ्ट. महिन्यांच्या अक्षरांत ‘आय’ घेतलेले नाही, त्यामुळे सप्टेंबर ‘जे’ आणि डिसेंबर ‘एम’. मात्र ५ म्हणजे १९६५ की १९७५, हे कोड सांगत नाही; ते मॉडेलवरून ठरवायचे.

मग ओतीव, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून बनवलेल्या, भागांकडे वळा. काही कंपन्यांच्या ब्लॉक, गिअरबॉक्स आणि मागच्या हाऊसिंगवर ओतकामाची तारीख उठावात असते. ट्रॅक्टर जोडला जातो ओतकामानंतर, त्यामुळे मूळ भागांतली सर्वांत उशिराची तारीख धरा. त्याआधी तो बनलेला असूच शकत नाही. एखादी तारीख पाटीच्या सालाच्या पुढची निघाली तर तो भाग किंवा पाटी, दोन्हींपैकी एक बदललेले आहे. लुकास कंपनीच्या डायनॅमो-स्टार्टरवरही महिना-वर्ष ठोकलेले सापडते, पण हे भाग इतक्या वेळा बदलले जातात की आम्ही त्यांना फक्त दुजोऱ्यापुरतेच धरतो. पर्किन्सच्या १९७४ पासूनच्या इंजिन नंबरातले शेवटचे अक्षर वर्षाचे: ए १९७४, बी १९७५, असे पुढे.

रंगावर जाऊ नका. फोर्डसन एन १९३७ मध्ये निळ्याचा नारिंगी झाला, १९४० मध्ये हिरवा. हे खरे असले तरी आज दिसतो तो बहुधा कुण्या मालकाच्या आवडीचा रंग. पाहायचाच तर पाटीखालचा किंवा ग्रीस साचलेल्या कोपऱ्यातला थर पाहा. टायरवरच्या तारखेने फक्त टायरचे वय कळते.

नंबर साफ करायला रॉकेल आणि वायर ब्रश पुरेसा. ग्राइंडर अजिबात लावू नका, ठोकलेले अंक एकदा घासले की गेले. अंक पुसट असतील तर खडू चोळा, टॉर्च आडवी धरा आणि फोटो काढा. पार्ट मागवताना पाटी, इंजिन नंबर आणि सापडतील तेवढ्या ओतीव तारखा यांचे फोटो पाठवा. अर्धवट वाचता येणारा अंक अंदाजाने पुरा करू नका, जसा दिसतो तसाच कळवा.