नॅनो केमो म्हणजे टार्गेटेड थेरपी नव्हे

केमो काय असते, हे वेगळं सांगायला नको. केस जातात, तोंड येतं, पांढऱ्या पेशी घसरतात, सगळ्यांना ठाऊक आहे. घोळ होतो तो "नॅनोवालं इंजेक्शन आहे, म्हणजे टार्गेटेड" या वाक्यात. गाठीवर नेम धरून जाणाऱ्या क्षेपणास्त्राचं चित्र तर मला बघवतच नाही. पेशंटच्या घरचे त्यावर भलतीच आशा बांधतात.

लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन घ्या. अमेरिकेत १९९५ पासून वापरात आहे. केमोचं औषध तेच जुनं, लाल. फक्त साधारण १०० नॅनोमीटरच्या मेदाच्या पिशवीत कोंडलेलं. पिशवीवर पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) या पॉलिमरचं आवरण असतं, त्यामुळे यकृत-प्लीहेतल्या भक्षक पेशी तिला लगेच गिळत नाहीत आणि ती रक्तात कित्येक दिवस फिरत राहते. गाठ कुठे आहे, हे तिला कळत नाही. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईने वाढलेल्या, भिंती गळक्या. तिथून ती झिरपते, इतकंच. मात्सुमुरा आणि माएदा यांनी जपानमध्ये १९८६ साली हे मांडलं. पण प्रत्येक गाठ सारखी गळकी नसते. प्राण्यांवरच्या दहा वर्षांच्या प्रयोगांचा २०१६ साली आढावा घेतला, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचलेल्यांचं मध्यक प्रमाण जेमतेम ०.७ टक्के निघालं. या औषधाने तळहात-तळपाय लाल होतात, आग होते, सालं निघतात. सगळं औषध थेट गाठीत गेलं असतं, तर तळहात का सोलले असते?

ट्रास्टुझुमॅब या खऱ्या टार्गेटेड औषधाचं तसं नाही. ते कॅन्सरच्या पेशीवरच्या हर-टू (HER2) नावाच्या प्रथिनाला नेमकं चिकटतं. म्हणून आधी बायोप्सीच्या तुकड्यावर हर-टूची तपासणी होते. निगेटिव्ह आली तर ट्रास्टुझुमॅब नाही. लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनला अशी तपासणी लागत नाही, कारण तिथे ओळखायचं असं काहीच नसतं. शंका आली तर डॉक्टरांना एवढंच विचारा: "हे कुठल्या रिपोर्टवरून ठरवलंत?"

नॅनोकणांवर अँटिबॉडी, म्हणजे ठराविक प्रथिन ओळखून त्याला चिकटणारा रेणू, बसवण्याचे प्रयोग चालू आहेत; पण तेही आधी रक्तातून गाठीपर्यंत पोचले पाहिजेत.

मग नॅनोचा फायदा काय? हृदयावरचा मार बराच कमी होतो. माझ्या मते हीच त्याची खरी कमाई, आणि ती मोठी आहे. मात्र साधं आणि लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन मिलिग्रॅमला मिलिग्रॅम बदलता येत नाही. डोस वेगळा, दोन सायकलमधलं अंतर वेगळं. बिलावर आणि बाटलीवर "लायपोसोमल" शब्द आहे का, ते इंजेक्शन लागण्याआधी वाचून घ्या.