पिकअप देऊन मोठी गाडी घ्यावी का? मालवाहू गाडीमालकांसाठी माहितीपत्रक

नारायणगाव, आळेफाटा, मंचर या पट्ट्यातले गाडीमालक आमच्याकडे दोन कामांसाठी येतात: पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) बदलायला आणि गाडी बदलायला. बहुतेक वेळा पहिल्यातूनच दुसरे निघते. एकाच हंगामात दुसऱ्यांदा मागचा पाटा तुटला की माणूस वैतागतो आणि म्हणतो, "ही देऊन टाकू, मोठी बघा एखादी."

आम्ही जुनी गाडी घेतो, दुसरी बघून देतो आणि त्यात आमचे दोन पैसे सुटतात, हे पत्रक वाचताना ध्यानात असू द्या. पण घाईने मोठी गाडी घेतलेला मालक वर्षभरात तीच गाडी विकायला आमच्याच दारात उभा राहतो. तेव्हा त्याला पाडून भाव सांगणे आमच्याही जिवावर येते. म्हणून हे लिहिले आहे.

आधी काटा करा

"पासिंग किती?" म्हणजे गाडीत कायद्याने किती वजनाचा माल भरता येतो, असे विचारले की बहुतेक जण कंपनीच्या जाहिरातीतला आकडा सांगतात. खरा आकडा आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर असतो. तिथे रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन अशी दोन वजने दिलेली असतात. दुसऱ्यातून पहिले वजा करा. समजा ३४९० आणि १७९० आहे, म्हणजे १७०० किलो उरले. हे सगळे १७०० किलो मालाचे नाहीत. चालक आणि क्लीनर मिळून दीडशे किलो धरा. नंतर बसवून घेतलेली हौद्यावरची जाळी, ताडपत्रीचे कमानपाइप, केबिनवरचे कॅरेज, जाडजूड फाळका हे सगळे मिळून शंभर किलो सहज होते. ते आरसीत कुठेच नसते, कारण ते गाडीची नोंदणी झाल्यावर लागले. उरले १४५०.

टोमॅटोच्या क्रेटमध्ये साधारण २० किलो माल बसतो, क्रेट धरून २२ किलो. १४५० किलोत ६५ क्रेट बसतात. हंगामात त्याच गाडीवर १०० क्रेट चढलेले आपण रोज बघतो. म्हणजे साडेसातशे किलो जास्त आणि सगळी मिळून ४२४० किलोची गाडी, कागदापेक्षा एकपंचमांशाहून जड.

तेव्हा गाडी बदलायचा विचार मनात आला की पहिले काम म्हणजे महिनाभराच्या काटा पावत्या, म्हणजे वजनकाट्यावर भरल्या गाडीचे वजन केल्याच्या पावत्या, जपून ठेवणे. एका भरगच्च दिवसाची पावती पुरत नाही, सगळ्या ठेवा. शिवाय एकदा काटेवाल्याला सांगून फक्त मागची चाके काट्यावर चढवून वजन घ्या. मग टायरच्या कडेला बघा. तिथे १०६/१०४ असा आकडा असेल, तर एकेका टायरला ९५० किलो पेलते, म्हणजे मागच्या दोघांना मिळून १९००. (दुसरा आकडा जोडचाकांसाठी, म्हणजे मागे एकेका बाजूला दोन-दोन चाके असतील त्यासाठी असतो.) काट्यावर मागचा भार यापेक्षा जास्त आला, तर मधल्या उन्हात टायर का फुटतो याचे वेगळे उत्तर शोधायला नको.

वजन कमी पडते की जागा?

याचा गोंधळ फार होतो. कोथिंबीर-मेथीच्या जुड्या, फुले, कडबा, रिकामे क्रेट, पुठ्ठ्याची खोकी हा माल गाडी जागेने भरतो, वजनाने नाही. असा माल वाहणाऱ्याने जड गाडी घेतली, तर तो रोज रिकामे लोखंड फिरवतो. त्याला लांब हौद्याची गाडी हवी असते. पिकअपच्या वर्गातच आता दहा फुटी हौदे मिळतात. उलट कांदा, बटाटा, सिमेंट, खत, फरशी वाहणाऱ्याचा हौदा निम्मा मोकळा दिसतो आणि पाटे मात्र सपाट झालेले असतात. जड गाडीचा विचार त्याने करायचा.

जास्तीचा पाटा टाकून भागेल का?

रोजचा प्रश्न, आणि आम्ही हे काम करतोही. पण पाटा टाकल्याने काय होते आणि काय होत नाही, ते समजून घ्या. गाडी मागून बसत नाही, मडगार्ड टायरला घासत नाही, बुश आणि शॅकल (पाटे गाडीला जोडणारे भाग) थोडे जास्त टिकतात. ब्रेक मात्र तेवढाच राहतो. हबचे बेअरिंग, ॲक्सल, चॅसिस, टायर तेच आणि आरसीवरचे पासिंगही तेच. पाटा कडक झाला की गाडी वजन दाखवत नाही, एवढाच फरक. मग मालक आणखी दहा क्रेट चढवतो.

आता आपल्या भागाचे एक वैशिष्ट्य. वाशीच्या मार्केटला जाणारा आपला माल घाट उतरतो. माळशेजने मुरबाड-कल्याणकडे जा नाहीतर तळेगावला जाऊन द्रुतगती मार्ग धरा, भरलेली गाडी खाली जाते आणि रिकामी वर येते. त्यामुळे "चढाला ओढत नाही" ही तक्रार आम्ही फारशी ऐकत नाही. शोरूममध्ये मात्र इंजिनाची ताकद आधी सांगतात. आपल्या कामात ती दुय्यम आहे, ब्रेक आणि ॲक्सल आधी बघा. उतारावर जेवढे वजन जास्त, तेवढी उष्णता ब्रेकला सोसावी लागते. चाकातला ब्रेकचा ड्रम उघडला की ते दिसते. लायनिंग झिजलेले नसते, पण वरून काचेसारखे गुळगुळीत आणि काळपट झालेले असते, ड्रमच्या आत निळसर पट्टा आलेला असतो. असे लायनिंग पॅडल दाबले तरी धरत नाही. चालक सांगतो, "खाली आल्यावर ब्रेकला वास येत होता, नंतर बरोबर झाला." तो बरोबर झालेला नसतो, गार झालेला असतो. खालच्या गिअरमध्ये उतरणे हा पहिला उपाय आणि तो फुकट आहे. पण रोजच ४२०० किलो उतरवायचे असतील, तर गाडीच मोठी हवी. या एका कारणासाठी मोठी गाडी घेणाऱ्याला आम्ही कधी थांबवत नाही.

अर्धवट उडी

१.७ टनी पिकअप देऊन २ टनी पिकअप घेणारे बरेच आहेत. बोलेरो मॅक्स पिकअप आणि टाटा योद्धा यांत दोन टनी मॉडेले आहेत आणि गाड्या चांगल्या आहेत. पण वरचाच हिशेब करा. दोन हजारातून अडीचशे गेले, राहिले १७५०, क्रेट बसले ७९. चौदा क्रेट वाढले. तुमच्या काटा पावत्यांत ७०-८० क्रेटचाच माल असेल, तर ही उडी बरोबर आहे. शंभर क्रेट नेणाऱ्याला ही गाडी घेऊनही ओव्हरलोडच करावे लागेल, फक्त हप्ता नवा लागेल. शंभर क्रेट कायद्यात बसवायचे, तर आरसीवर अडीच टनांच्या आसपास पासिंग निघाले पाहिजे. म्हणजे टाटा ४०७ किंवा तिच्या वर्गातली, मागे जोडचाकांची गाडी. ४०७ ही १९८६ पासून चालत आली आहे आणि त्याच नावाखाली वेगवेगळ्या पासिंगच्या गाड्या आहेत. तेव्हा नावावर जाऊ नका, त्या विशिष्ट गाडीची आरसी मागून वजाबाकी करा.

आणि जोडचाकांबरोबर येणाऱ्या गोष्टीही मोजा. स्टेपनी धरून पाच टायरांऐवजी सात टायर घ्यायचे. दोन चाकांच्या मध्ये दगड अडकतो, तो रोज बघायचा. पावसाळ्यात पाणंद रस्त्याने शेताच्या बांधापर्यंत पिकअप जाते, तिथे ही गाडी रुतते किंवा वळत नाही. मग माल छोट्या गाडीने रस्त्यापर्यंत आणायचा, म्हणजे दोनदा हमाली. ज्यांचा माल शेतावरूनच भरतो त्यांनी हे आधी बघावे. मार्केटमधूनच भरणाऱ्याला याची अडचण नाही. बीएस-६ डिझेल गाडीला दिवसभर दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्याही मानवत नाहीत. सायलेन्सरमधली काजळीची गाळणी साफ व्हायला गाडी सलग धावावी लागते. गावातल्या गावात फिरणाऱ्याने हे मनात धरावे.

कायद्याच्या पायऱ्या

भरल्या गाडीचे वजन ३००० किलोपर्यंत असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे परमिट लागत नाही. त्याच्या वर लागते. छोटा हत्ती (टाटा एस) चालवणारा मोठ्या पिकअपवर गेला की ही पायरी ओलांडतो, आणि कित्येकांना ती माहीतच नसते.

पुढची पायरी ७५०० किलोची. तिथपर्यंत साधे एलएमव्ही (हलक्या वाहनाचे) लायसन्स चालते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला यावर शिक्कामोर्तब केले. म्हणजे पिकअपचा चालक ४०७ वर बसू शकतो, नवा माणूस शोधायला नको. थर्ड पार्टी विम्यालाही हीच पायरी आहे. जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात ७५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला १६,०४९ रुपये आहेत, मग ती पिकअप असो की ४०७. पुढच्या, १२ टनांपर्यंतच्या टप्प्यात तोच हप्ता २७,१८६ होतो. वर कर वेगळा. तेव्हा "घ्यायचीच आहे तर आयशर घेऊ" म्हणताना साडेसात टनांची रेघ कुठे आहे ते बघा. रेघ ओलांडली की हेवी लायसन्सचा चालक लागतो आणि त्याचा पगार आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

नवी गाडी घेताना दोन ताज्या गोष्टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. आणि राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर जाहीर झाला. एकीकडे सुटलेले थोडे दुसरीकडे जाते. म्हणून कोटेशन 'ऑन रोड' घ्या, शोरूमचा भाव ऐकून घरी येऊ नका.

ओव्हरलोडला कलम १९४ प्रमाणे २० हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च आपलाच. काट्यावर गाडी न्यायला नकार दिला तर ४० हजार. हौद्याच्या बाहेर डोकावणाऱ्या मालालाही २० हजारांचीच तरतूद आहे. क्रेटमागे ६० रुपये भाडे धरले, तर एकदा सापडल्यावर नऊ-दहा फेऱ्यांचे वरचे क्रेट फुकट वाहिले असे समजा. अपघात झाला तर विमा कंपनीचा माणूस सगळ्यात आधी मालाची पावती मागतो, ते वेगळेच.

हिशेब

खालचे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, तुमचे आकडे घालून पुन्हा करा.

वाशीची फेरी जाऊन-येऊन ३२० किलोमीटर धरू. पिकअप १२ चे ॲव्हरेज देते आणि मोठी गाडी ९ चे, तर फेरीला सुमारे नऊ लिटर डिझेल जास्त लागते, म्हणजे ९० रुपये भावाने ८०० रुपये. क्रेट ६५ चे १०० झाले, ३५ क्रेटचे २१०० रुपये वाढले. डिझेल जाऊन हातात १३०० राहिले. आता हप्ता महिन्याला १४ हजारांनी वाढला आणि टायर-देखभाल चार हजारांनी, तर जादा बोजा १८ हजारांचा. तो फेडायला महिन्याला चौदा फेऱ्या, त्याही पूर्ण भरलेल्या, लागतात. वर्षाला २ लाख १६ हजार, म्हणजे १६६ फेऱ्या. त्यांच्या वरची फेरी तुमच्या फायद्याची.

हंगामाचे चार महिने महिन्याला पंचवीस फेऱ्या केल्या, तरी शंभरच होतात. राहिलेल्या ६६ कुठून येणार? आळेफाट्याचा कांदा, मंचरचा बटाटा, परतीचे खत किंवा किराणा असे ठरलेले काम असेल तर येतील. "मिळेल की भाडं" एवढ्यावर असेल तर येणार नाहीत. मग आमचा सल्ला सरळ असतो: पिकअप ठेवा, तिच्यावर ६५ च क्रेट घाला आणि हंगामात जास्तीच्या मालाला दुसरी गाडी भाड्याने लावा. भाड्याच्या गाडीला दिलेले पैसे डोळ्यांना खुपतात हे खरे. पण पावसाळा संपल्यावर दारात उभ्या असलेल्या गाडीचा हप्ता त्याहून जास्त खुपतो.

हिशेबात एक गोष्ट आणखी धरा: सध्याच्या गाडीची फिटनेसची, म्हणजे आरटीओच्या तपासणीची तारीख. नव्या गाडीला पहिली दोन वर्षे, मग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करावे लागते. सात-साडेसात वर्षांची गाडी द्यायची असेल, तर आठ पूर्ण व्हायच्या आत दिलेली बरी. गिऱ्हाईक भाव करताना हेच बोट ठेवते.

जुनी गाडी देताना

बँकेचा बोजा उतरलेला नसेल तर आधी फॉर्म ३५ आणि ना-हरकत पत्र आणा. विक्रीला फॉर्म २९ आणि ३० लागतात. सही करून गाडी दिली आणि पैसे आले म्हणजे सुटलो असे समजू नका. आरसीवर नाव आपले असेपर्यंत अपघाताच्या भरपाईला जबाबदार आपण, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. गाडी आम्हाला द्या नाहीतर दुसऱ्या कोणाला, नाव बदलल्याची नोंद ऑनलाइन दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. फास्टॅग काढून बंद करा, नव्या गाडीला तिच्या वर्गाचा वेगळा घ्यावा लागतो. नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गाडीचा नसून मालकाचा असतो. विमा कंपनीकडून तसे पत्र घ्या, म्हणजे नव्या गाडीला तो लागू होईल.

एक्स्चेंज बोनसचा आकडा मोठा दिसला, तर जुनीचा भाव त्यात दाबलेला नाही ना, हे दोन ठिकाणी विचारून बघा. नव्याच्या किमती उतरल्यापासून जुन्या गाड्यांचे भावही खाली आले आहेत. गेल्या वर्षी शेजाऱ्याला मिळालेला भाव धरून बसू नका.

बोलायला याल तेव्हा आरसी, महिनाभराच्या काटा पावत्या आणि भाड्याची वही आणा. गाडी रिकामी आणा, पण जाळी, ताडपत्री, दोर जसे रोज असतात तसेच राहू द्या. दुपारी बारानंतर या, सकाळी मार्केटच्या गाड्यांमुळे आम्हाला उसंत नसते. पाटे आणि ब्रेक ड्रम बघून सांगायचे पैसे घेत नाही.