बंड्या, राणी आणि तबकडीवरचा तो

माझ्या बंड्या कुत्र्याला घेऊन टिळकनगरातून निघालं की एक तरी काका थांबवतातच. "अरे भिया, हा तबकडीवरचा कुत्रा ना?" जुन्या इंदुरी घरांच्या माळ्यावर कर्ण्यासमोर मान कलती करून बसलेला तो एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीचा कुत्रा अजून सापडतो, तेव्हा प्रश्न रास्तच. महूच्या छावणीत वाढलेली माणसं विचारतसुद्धा नाहीत, थेट सांगतात, "फॉक्स टेरियर आहे." बंड्या जॅक रसेल जातीचा आहे.

खरा फॉक्स टेरियर बघायचा तर महूच्या एका निवृत्त सुभेदारांची राणी बघावी. दोघं शेजारी उभे राहिले की फरक झटकन कळतो. राणी उंच, चौकोनी बांध्याची. चेहरा लांब नि निमुळता, कानाची घडी टाळूच्याही वर. या जातीची उंची खांद्यापाशी ३९ सेंमीपर्यंत जाते, वजन आठ किलोच्या आसपास. जॅक रसेल २५ ते ३० सेंमी, पाच-सहा किलो, आणि उंचीपेक्षा लांबीला जास्त. हमखास खूण हवी असेल तर खांद्यामागून त्याची छाती दोन्ही हातांच्या कवेत धरून बघा. ती मावायला हवी. कोल्ह्यामागे बिळात शिरायचं हे त्याचं मूळ काम, तिथेच अडकला तर उपयोग काय?

घोटाळा होतो कारण गोत्र एकच. १८१९ साली ऑक्सफर्डला शिकणाऱ्या जॉन ऊर्फ जॅक रसेलने एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची पांढरी कुत्री घेतली. डोळ्यांवर नि कानांवर तांबूस डाग, शेपटीच्या बुडाशी पेनीएवढा ठिपका. रसेल पुढे डेव्हनकडे पाद्री झाला, पण शिकारीचं वेड सुटलं नाही. तेव्हा असल्या सगळ्याच कुत्र्यांना फॉक्स टेरियर म्हणत. मग डॉग शो आले आणि घराण्याच्या वाटण्या झाल्या. एक शाखा मंचावर गेली आणि गाजली: न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर शोचा सर्वोच्च मान १९०७, १९०८ आणि १९०९ अशी सलग तीन वर्षं वॉरन रेमेडी या एकाच फॉक्स टेरियर कुत्रीने नेला. दुसरी शाखा बिळातच राहिली. गंमत म्हणजे पाद्रीबुवा १८७३ मध्ये स्थापन झालेल्या, कुत्र्यांच्या जातींना मान्यता देणाऱ्या ब्रिटनच्या केनेल क्लबच्या संस्थापक सभासदांपैकी, पण शोमधल्या कुत्र्यांत आणि आपल्या कुत्र्यांत बागेतल्या आणि रानातल्या गुलाबाइतका फरक आहे असं ते म्हणत. त्याच क्लबने जॅक रसेलला मान्यता दिली ती २०१६ मध्ये.

आता स्वभाव. 'फॉक्स टेरियर शांत असतो, तो घ्या' असा सल्ला मला दोनदा मिळालाय. त्यावर विश्वास ठेवू नका. राणीने सुभेदारांचे शेवंतीचे वाफे दोनदा उखणले आहेत. सवयींच्या बाबतीत ही दोघं सख्खी भावंडं, आणि सवयी सगळ्या जुन्या नोकरीच्या. टेरियर हा शब्दच 'टेरा' म्हणजे जमीन यावरून आला. आमच्या माळव्याच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात. बंड्याच्या मते प्रत्येक भेग हे कुणाचं तरी दार आहे. मग नाक आत, पुढचे पाय चालू, आईची तुळस धोक्यात. भुंकणंही कामाचंच: जमिनीखाली कोल्हा कुठे अडवलाय हे वर फावडं घेऊन उभ्या असलेल्यांना आवाजावरूनच कळायचं. मोजा तोंडात धरून गदागदा हलवतात, ती उंदीर मारायची रीत. आणि रजईत शिरून पार पायथ्याशी जाऊन झोपणं? अंधारं, उबदार, अरुंद. तुम्हीच ओळखा.

हट्टीपणाबद्दल मात्र माझं मत बदललंय. आधी वाटायचं, याला कळत नाही. सगळं कळतं. पण बिळात मालक नसतो. पुढे सरकायचं, थांबायचं की मागे फिरायचं, हे तिथे कुत्र्यालाच ठरवावं लागे. दीडशे-दोनशे वर्षं स्वतः निर्णय घेणारेच निवडून वाढवले, मग मी "बस" म्हटल्यावर तो क्षणभर विचार करतो यात नवल नाही. दरडावून काही होत नाही. वास शोधायचं काम दिलं की होतं. मे महिन्यात दुपारी फिरवणं शक्य नसतं, तेव्हा मी पोळीचे तुकडे जुन्या लुगड्याच्या घड्यांत लपवते. वीस मिनिटं घर शांत. कुंपणापाशी मुंगूस दिसला तर पोळीबिळी सगळं रद्द.

राहिला तबकडीवरचा. तो निपर, १८८४ साली ब्रिस्टलमध्ये जन्मला, १८९५ मध्ये गेला. फ्रान्सिस बॅरोने ते चित्र काढलं ते तो गेल्यानंतर. तो मिश्र रक्ताचा होता आणि जातीवर आजही एकमत नाही. कुणी फॉक्स टेरियर म्हणतं, कुणी जॅक रसेल, कुणी त्यात बुल टेरियरही घालतं. पाहुण्यांच्या पोटऱ्यांना मागून चिमटे काढायची त्याला खोड होती, त्यावरूनच नाव पडलं. एवढ्या लक्षणावरून मला तरी तो घरचाच वाटतो. परवा काकांच्या पायजम्याचं काय झालं ते मी पाहिलंय.