'अनदर'मधली ती 'नसलेली' मुलगी आली कुठून?

'अनदर' हे जपानी हॉरर अ‍ॅनिमे (म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन सिरीज) म्हटलं की बहुतेकांना तिसऱ्या एपिसोडचा तो छत्रीवाला सीनच आठवतो, मीम्सपण त्याचेच फिरतात. मला मात्र त्याच्यापेक्षा जास्त भीती वाटली ती साध्या वर्गातल्या सीन्सची. मिसाकी मेई डोळ्याला पट्टी लावून सगळ्यांसमोर बसलीये आणि कोणी तिच्याकडे बघत नाही, सरसुद्धा नाही, आणि हे सगळं वर्गाने नीट ठरवून केलंय. हा भाग लेखकाने हवेतून काढलेला नाही, जपानच्या शाळांमध्ये याच्या फार जवळ जाणारं काहीतरी खरंच घडून गेलंय.

आधी पटकन बेसिक. युकितो आयात्सुजी हा मूळ रहस्यकथावाला माणूस, त्याची कादंबरी २००९ची, आणि पी. ए. वर्क्स या स्टुडिओचं १२ एपिसोडचं अ‍ॅनिमे २०१२च्या जानेवारी ते मार्चमध्ये आलं. गोष्ट घडते १९९८ साली, तिसरीच्या तीन नंबरच्या वर्गात (तिसरी म्हणजे मिडल स्कूलचं शेवटचं वर्ष, आपल्याकडची नववी धरा). २६ वर्षांपूर्वी त्या वर्गातला एक लाडका विद्यार्थी गेला आणि बाकीच्यांनी तो जिवंत आहे असंच वागायचं ठरवलं, टीचर्ससकट. तेव्हापासून वर्गात एक जण जास्तीचा येतो, तो मेलेला असतो पण त्याला स्वतःलाही ते माहीत नसतं, आणि मग मुलं आणि त्यांच्या घरचे मरायला लागतात. उपाय काय, तर एका जिवंत मुलाला 'नाहीच' धरायचं, म्हणजे आकडा जुळतो.

आता १९८६ला या. तोक्योच्या नाकानो भागातल्या मिडल स्कूलच्या दुसरीतल्या १३ वर्षांच्या मुलाने आत्महत्या केली. त्याच्या आदल्या नोव्हेंबरात वर्गातल्या मुलांनी 'अंत्यविधीचा खेळ' केला होता, म्हणजे तो मेला असं समजून त्याच्या डेस्कवर फुलं ठेवली, आणि निरोपाचं एक कार्ड फिरवलं ज्यावर सगळ्यांनी काहीबाही लिहून सह्या केल्या. त्या सह्यांमध्ये चार शिक्षकांच्याही होत्या. हो, शिक्षकांच्या. केस कोर्टात गेली तर १९९१ला खालच्या कोर्टाने त्या खेळाला चेष्टामस्करीत काढलं, छळ मानलंच नाही, ते मान्य व्हायला १९९४ला तोक्योचं हायकोर्ट लागलं. जपानमध्ये या शाळेतल्या छळाला 'इजिमे' म्हणतात आणि या केसनंतर तो शब्द घरोघरी गेला.

हे माहीत असलं की अ‍ॅनिमे वेगळंच दिसायला लागतं राव. तिथे आधी मेलेल्या मुलाला प्रेमापोटी जिवंत धरतात आणि मग ते निस्तरायला जिवंत मुलीला मेलेली धरतात, आणि दोन्ही वेळा शाळेतली मोठी माणसं सामील. मेईचं डेस्कसुद्धा बाकीच्यांपेक्षा जुनाट आहे, ते उगाच नाही. आणि तो पट्टीखालचा बाहुलीचा डोळा. जिला कोणी बघायचं नाही असं ठरलंय, मरण फक्त तिलाच दिसतं! घरी सगळीकडे बाहुल्या आणि वर्गात समोर असून न दिसणारी मुलगी, हे जरा उघडउघड आहे पण चालतं.

नाकानोची केस झाली त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ योजी मोरिता यांनी एक मांडणी केली की वर्गातल्या छळात चार थर असतात: ज्याला छळतात तो, छळणारे, बघून हसणारे आणि बघून गप्प बसणारे. 'अनदर'मध्ये छळणारे असे वेगळे काढताच येत नाहीत, अख्खा वर्ग चौथ्या थरात बसलाय. भांडण नाही, मारामारी नाही, सगळे आपले सभ्य.

त्याच्याही मागे जायचं तर गावाने वाळीत टाकायची चाल आहेच, एदो काळापासूनची (१६०३ ते १८६८), 'मुराहाचिबु'. त्या घराशी सगळे व्यवहार बंद, फक्त आग लागली किंवा कोणी मेलं तर मदत करायची. आणि हे लई जुनं नाही हां, १९५२ला शिझुओकातल्या एका गावात हायस्कूलच्या मुलीने निवडणुकीतला घोटाळा पेपरला कळवला म्हणून तिच्या घराला वाळीत टाकलं होतं.

जास्तीच्या मुलाची आयडियापण जुनी आहे. केन्जी मियाझावाच्या १९२६च्या एका गोष्टीत दहा पोरं खेळत असतात आणि मोजली तर अकरा भरतात, अनोळखी चेहरा एकही नाही आणि सारखे चेहरेही नाहीत. तिथे तो घरात राहणारा भूतपोरगा असतो, कोणाचं वाईट करत नाही. आयात्सुजीने तेच कोडं वर्गात आणून जीवघेणं केलं. (कोण जास्तीचा ते सांगत नाही, बघा.)

एक डिटेल आपल्याकडे बऱ्याच जणांना लागत नाही. हिरोचं, म्हणजे या वर्गात नवीन आलेल्या मुलाचं, आडनाव साकाकिबारा. १९९७ला कोबे शहरात १४ वर्षांच्या मुलाने लहान मुलांचे खून केले होते आणि त्याने स्वतःला घेतलेलं खोटं आडनाव हेच, त्यामुळे कादंबरीत या बिचाऱ्याला आधीच्या शाळेत नुसत्या नावावरून त्रास झालेला असतो. म्हणजे वर्गाने बाजूला टाकणं काय असतं हे तो सोबत घेऊनच या गावात येतो.

सिरीज टीव्हीवर चालू होती त्याच्या काही महिने आधी, ऑक्टोबर २०११ला, ओत्सू शहरात अजून एका १३ वर्षांच्या मुलाने जीव दिला होता, पण देशभर बोंब झाली जुलै २०१२ला. मग २०१३ला इजिमेविरोधी कायदा आला. त्यात छळणाऱ्याचा हेतू बघत नाहीत, समोरच्या मुलाला त्रास होतोय का ते बघतात. आणि प्रत्येक शाळेत इजिमेवर उपाय करायला गट पाहिजे असंही त्यात आहे. तीन नंबरच्या वर्गातही 'उपाय' बघणारी मुलं नेमलेली असतातच, अकाझावा त्यांची प्रमुख, आणि त्यांचं काम मेईशी कोणी चुकूनही बोलत नाही ना ते बघायचं.